आधी हात पसर

तो प्रश्न त्याने बुटाची लेस बांधता बांधता विचारला होता, म्हणजे फार गंभीरपणे वगैरे नाही. शेवटचा राउंड संपला होता, मी बाण पुसून क्विव्हरमध्ये टाकत होते, आणि हा नवीन मुलगा, येऊन तीनेक महिने झाले असतील, क्लबचा घासून घासून गुळगुळीत झालेला बो, म्हणजे धनुष्य, वापरून कंटाळलेला, तो म्हणाला, "ताई, स्वतःचा कंपाउंड घ्यायचाय. शिकारीलाही चालेल आणि टार्गेटलाही. कुठला ब्रँड घेऊ?" कंपाउंड म्हणजे टोकांवर चाकं असलेला बो. आणि मी मान वर न करता माझ्या बोच्या ब्रँडचं नाव सांगून टाकलं. वर मॉडेलही सांगितलं. दहा सेकंदांचं काम. सांगणाऱ्याचं काय जातं!

दीड महिन्याने तो तोच बो घेऊन आला.

सेकंडहँड मिळाला होता, पण चकाचक, आधीच्या मालकाने जपलेला. मुलाच्या चेहऱ्यावर असा आनंद की मलाही बरं वाटलं, आपलं ऐकलं कुणीतरी. मग तो लाइनवर उभा राहिला, बाण लावला, रिलीज, म्हणजे दोरी सोडायचा खटका, डी-लूपमध्ये, दोरीवरच्या छोट्या फासात, अडकवला आणि बो आकाशाकडे नेऊन, पाठ वाकवून, दात चावून खेचला. तो कसाबसा शेवटपर्यंत गेला तेव्हा त्याचा उजवा हात पार कानामागे होता, डावं कोपर ताठ, मान मागे कलंडलेली, आणि पीपमधून, म्हणजे दोरीतल्या नेम धरायच्या भोकातून, बघायला तो नाक दोरीवर दाबत होता. सुटला बाण. फट्ट असा आवाज झाला, आणि तो आवाज बाणाचा नव्हता, दोरी त्याच्या हातावर बसली होती. बाण लागला कुठेतरी टार्गेटच्या निळ्या वर्तुळात. हात चोळत, हसत माझ्याकडे बघून म्हणाला, "सवय होईपर्यंत लागतं ना ताई एवढं?"

हे वाक्य माझं होतं. वीस वर्षांपूर्वी, अक्षर न अक्षर, मी म्हटलेलं.

माझी सुरुवात दादाच्या बोवर झाली. दादा माझ्यापेक्षा चांगला वीतभर उंच, हात लांब, त्याची ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी पूर्ण खेचायचं माप, २९ इंच. तो शिकारीला जायचा, परवाना काढून, हंगामात, आणि हंगाम संपला की त्याचा बो कपाटाच्या वर पडून असायचा, तो मी खाली काढला. कुणी शिकवलं नाही, कुणी मापलं नाही. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला कोपराखाली एक जांभळा पट्टा उठायचा, तो चार दिवसांनी हिरवा व्हायचा, मग पिवळा, आणि पिवळा होईस्तोवर नवीन जांभळा तयार. भर उन्हाळ्यात मी पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे. मला खरंच वाटायचं की धनुर्विद्या म्हणजे हेच, लागणारच, लागेल त्यालाच येईल. सव्वा वर्ष मी असं काढलं आणि त्या सव्वा वर्षात दोन वेळा ब्रँड बदलायचा विचार केला, एकदा तर पैसेही जमवले, कारण माझी खात्री होती की ह्या कंपनीचा बोच वाईट आहे.

मग रेंजवर काका भेटले. काका म्हणजे आमच्यातला ज्याच्याकडे स्वतःची बो-प्रेस, म्हणजे बो दाबून दोरी सैल करायचं यंत्र, आहे असा एकमेव माणूस, त्यामुळे सगळ्यांचे काका. त्यांनी माझे तीन बाण बघितले, काही बोलले नाहीत, आणि म्हणाले, "बो खाली ठेव. हात पसर." मी भीक मागायला सांगितल्यासारखी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं, दोन्ही हात आडवे, ओढून ताणून नाही, सहज, आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टेप लावली. ६७ आणि थोडं. भागिले अडीच. २७ इंच. "दोन इंच लांब बो ओढतेयस तू," एवढंच म्हणाले. ज्या बोला शिव्या देत होते त्याच्याच कॅमवरचं, म्हणजे टोकाच्या चाकावरचं, ड्रॉ लेंथ ठरवणारं मॉड्यूल त्यांनी बदललं, पीप वर-खाली सरकवलं, डी-लूप नव्याने बांधला, आणि पुढच्या बाणाला माझ्या हाताला काही लागलं नाही. काहीच नाही. मला रडूच आलं होतं, पण ते बाण बघून आलं की सव्वा वर्ष आठवून, ते अजून नीट सांगता येत नाही.

आणि ह्या सगळ्यातून गेलेली बाई एका नवशिक्याला मान वर न करता ब्रँडचं नाव सांगते.

खरं सांगायचं तर ब्रँड हा आमच्या घरातला जुना तंटा आहे. दादा हॉयटवाला. अर्ल हॉयट यांनी १९३१ मध्ये सुरू केलेली कंपनी, हे तो अशा थाटात सांगतो की जणू आमच्या आजोबांची. मी दुसऱ्या पार्टीतली, आणि माझ्या बोचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाहीये, कारण नाव लिहिलं की पुन्हा तेच होणार. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण बहुतेक कंपाउंडवाल्यांना बघूनच सुचली असावी. मॅथ्यूजवाला म्हणणार, आमच्यासारखा शांत सुटणारा बो दाखव. पीएसईवाला वेगाचे आकडे काढणार. बोटेकवाला म्हणणार, प्रेसशिवाय ट्यून करून दाखवतो, लाव पैज. बेअरवाला सगळ्यांचं ऐकून घेणार आणि शेवटी म्हणणार की फ्रेड बेअर नसते तर तुम्ही बोने शिकार करायला निघाला असतात का. आणि गंमत म्हणजे सगळ्यांचे पाय एकाच चिखलात आहेत. मिसुरीच्या हॉलेस विल्बर अ‍ॅलन यांनी साठच्या दशकात रिकर्व्हची टोकं करवतीने कापली आणि तिथे चाकं बसवली, १९६९ मध्ये त्यांना पेटंट मिळालं, आणि आज आपण ज्या कुठल्या ब्रँडसाठी भांडतो त्या प्रत्येकात त्या कापलेल्या टोकांवरची चाकंच फिरतायत. फक्त ती आता गोल राहिली नाहीत, म्हणून त्यांना कॅम म्हणायचं.

पण म्हणजे सगळे ब्रँड सारखेच, असं म्हणून हात झटकणं हीसुद्धा लबाडीच आहे. फरक आहेत, आणि ते कॅटलॉगच्या पहिल्या पानावर नसतात. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक असा कंटाळवाणा आहे की कुणी त्यावर भांडत नाही: ड्रॉ लेंथ बदलायची झाली तर काय करावं लागतं? काही बोमध्ये मॉड्यूल फिरतं, स्क्रू ढिला करा, दुसऱ्या खुणेवर आणा, आवळा, झालं. हॉयट, पीएसई, बोटेक यांच्या बऱ्याच हंटिंग मॉडेल्सना ही सोय आहे. मॅथ्यूजच्या स्विचवेट मॉड्यूलमध्ये ड्रॉ लेंथ आणि पाउंड, म्हणजे खेचायचं वजन, दोन्ही त्या छोट्या तुकड्यावरच ठरतात, म्हणजे माप बदललं की तो तुकडा नवीन आणायचा, पण बसला की त्या मापाला अगदी शिवल्यासारखा बसतो. वाढत्या वयाच्या पोराला पहिली पद्धत बरी. ज्याचं माप आता बदलणारच नाही त्याला दुसरीचं काही वाटू नये. दुसरा फरक ट्यूनिंगचा. कागदातून बाण मारला आणि भोक गोल न पडता डावीकडे फाटलं, तर कॅम बाजूला सरकवायचा की योक केबलला, कॅमच्या दोन्ही बाजूंना जाणाऱ्या दुफाट्या केबलला, पीळ द्यायचा? बोटेकच्या डेडलॉकमध्ये कॅम स्क्रूने डावी-उजवीकडे सरकतो, एलिटने लिंबच्या, म्हणजे बोच्या वाकणाऱ्या पात्यांच्या, पॉकेटमध्येच त्याची सोय केलीय, आणि कित्येक बो असे की प्रेसमध्ये घातल्याशिवाय काही हलत नाही. ज्याच्याजवळ काका नाहीत त्याने हे आधी विचारावं, बाकी सगळं नंतर.

आणि मग ती न मोजता येणारी गोष्ट, वॉल. पूर्ण खेचल्यावर बो कसा थांबतो ती जाणीव. दादाच्या बोची वॉल मला थोडी उशीसारखी वाटते, दाबली तर अजून जराशी जाईल अशी. माझी भिंतीसारखी, टक्क. दादाला माझी आवडत नाही, म्हणतो दगडाला टेकल्यासारखं वाटतं. त्याला ती किंचित सैल जागा हवी असते, हंगामातल्या थंडीत, जाड जाकिटात, हात आखडलेले असताना. मला ती नको असते कारण मी ५० मीटरवर उभी आहे आणि मला पाठीने दाबत राहायचंय, दाबत राहायचंय, आणि रिलीज कधी सुटला ते मलाही कळता कामा नये. आम्ही दोघं बरोबर आहोत. हे मान्य करायला आम्हाला दहा वर्षं लागली, आणि अजूनही घरातल्या चारचौघांसमोर आम्ही ते मान्य करत नाही.

घोडं पेंड खातं ते इथेच. 'शिकारीलाही आणि टार्गेटलाही.' प्रश्न ब्रँडचा वाटतो, पण खरी ओढाताण ह्या एका वाक्यात आहे. शिकारीचा बो आखूड लागतो, एका कॅमच्या आसापासून दुसऱ्याच्या आसापर्यंत २८ ते ३३ इंच, कारण झाडावरच्या मचाणात बसून वळायचं असतं आणि लांब बो फांदीला अडकतो. टार्गेटवाल्याला ३६ ते ४० हवा, लांब आणि जड, कारण लांब बो हातात कमी फिरतो. आखूड बो पूर्ण खेचला की दोरीचा कोन इतका टोकदार होतो की लांब हातांच्या माणसाचं नाक दोरीपर्यंत पोचतच नाही. ब्रेस हाइटचंही तेच, म्हणजे न खेचलेल्या दोरीचं मुठीपासूनचं अंतर. सहा इंच घेतलीत तर दोरी बाणाला जास्त अंतर ढकलते, वेग मिळतो, पण तेवढाच वेळ तुमच्या हाताचा थरकापही बाणाला मिळतो. सात-साडेसात घेतलीत तर बो चुका पोटात घालतो, वेग थोडा जातो. लेट-ऑफसुद्धा तसाच, म्हणजे पूर्ण खेचल्यावर वजन किती टक्के उतरतं ते. ६० पाउंडचा बो ८० टक्के लेट-ऑफला धरून ठेवताना बोटांवर फक्त १२ पाउंड उरतात, हरीण झाडामागून बाहेर यायची वाट बघणाऱ्याला हे वरदान. टार्गेटवाले कितीजण मुद्दाम लेट-ऑफ कमी करतात, हातात जास्त वजन राहिलं की पिन, नेम धरायचा ठिपका, कमी भटकते. आणि आंतरराष्ट्रीय नियमांच्या स्पर्धेत ६० पाउंडच्या वर चालतच नाही, तेव्हा ७० पाउंडचा शिकारी बो घेतलात तर लिंब बोल्ट ढिले करून खाली आणावा लागणार. आणि हे बोल्ट साधारण दहाएक पाउंडच सोडतात, ४५ पर्यंत जाणार नाहीत. तरीही एकच हवा असेल तर ३३-३४ इंची, सातच्या आसपास ब्रेस हाइटचा, आणि जेवढं सहज खेचता येतं तेवढ्याच पाउंडाचा, असं मी त्याला सांगायला हवं होतं. तीन वाक्यं. तेवढी सांगायला मला काय धाड भरली होती?

वेगाबद्दल दादाचं तोंड एका सकाळी कायमचं बंद झालं, ते सांगते. वेगाचा छापील आकडा काढतात तो ७० पाउंड, ३० इंच ड्रॉ आणि ३५० ग्रेनच्या हलक्या बाणावर. तुम्ही तसे नसाल तर तो आकडाही तुमचा नाही. माझ्या बोवर ३४० फूट प्रतिसेकंदाच्या आसपास लिहिलंय, माझ्या ५० पाउंड आणि २७ इंचाला क्रोनोने, म्हणजे वेग मोजायच्या यंत्राने, २४८ दाखवले. दादाचा मात्र तेव्हा खरोखरच २९० फूट प्रतिसेकंद जायचा, आणि त्याला वाटायचं ह्याच्यापुढे हरीण काय करणार. तीस यार्डांवर मादी उभी, मान खाली, आडवी, वारा बरोबर, सगळं जुळून आलेलं. त्याने सोडला. बाण तिच्या पाठीवरून गेला. तो म्हणतो की मी तिला खाली बसताना बघितलं, म्हणजे बसली नाही, उडी मारायला पाय दुमडले, आणि बाण तिच्यावरून गेल्यावर ती उडाली. आम्ही नंतर कागदावर हिशोब केला. नव्वद फूट. बाणाला जवळपास ०.३१ सेकंद. बोच्या आवाजाला, सेकंदाला अकराशे फुटांच्या हिशोबाने, ०.०८. म्हणजे तिला पाव सेकंदाच्या थोडं खाली मिळालं होतं, आणि पाव सेकंद तिला खूप झाला. दहा-वीस फुटांचा वेग वाढवून ह्यात काही बदलत नाही. पुढच्या हंगामात दादा जड बाण वापरायला लागला, जड बाण बोची जास्त ताकद घेऊन जातो, मागे थरथर आणि आवाज कमी उरतो. जागाही जवळची निवडायला लागला, वीस यार्डांच्या आतली. मला तो हे सांगत होता तेव्हा त्याच्या आवाजात चुकल्याचं दुःख नव्हतं. सुटल्यासारखा होता तो. बाण पाठीवरून गेला, पोटात नाही गेला. शिकारीबद्दल माझ्या मनात आजही दोन्ही गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत, पण त्या सकाळनंतर तो ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं पात्यांचं टोक, लावून सराव केल्याशिवाय हंगामाला जात नाही एवढं खरं. फिक्स्ड पात्याचं टोक म्हणजे बाणाच्या नाकाला लावलेले पंख, बो जरासा जरी बिघडलेला असला तरी साधी टोकं एकीकडे आणि ती भलतीकडेच जातात. टार्गेटवर जे खोटं खपून जातं ते तिथे खपत नाही.

तरी लोक ब्रँडच विचारतात. २०२३ मध्ये बर्लिनला वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये ओजस देवतळेने १५ च्या १५ बाण दहात मारले, १५० पैकी १५०, ५० मीटरवर आठ सेंटिमीटरचं वर्तुळ, म्हणजे चहाच्या कपाचं तोंड. रेंजवर दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न काय, तर त्याच्याकडे बो कुठला होता. मीही विचारला, खोटं कशाला बोलू. उत्तर मिळालं की क्षणभर असं वाटतं की त्या पंधरा बाणांचा एखादा तुकडा आपल्याला विकत मिळेल. त्याचा बो त्याच्या मापाचा होता, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला कंपाउंडचा मिश्र संघ प्रकार आलाय, तेव्हा असे प्रश्न बुटाची लेस बांधता बांधता अजून बरेच येणार.

तर तो मुलगा. त्याच्या 'सवय होईल ना'ला मी तिथेच उत्तर द्यायला हवं होतं. नाही दिलं. शेजारचे चौघं ऐकत होते आणि मला लाज वाटली, माझ्या सल्ल्याने घेतलाय म्हणून तो आधीच सगळ्यांना सांगून बसला होता. मी म्हटलं, "आर्मगार्ड लाव जरा जाड." आर्मगार्ड! पट्टी बांधायची आणि जखम विचारायची नाही. रात्री झोपताना मला तो फट्ट आवाज येत राहिला.

पुढच्या रविवारी मी टेप घेऊन गेले. तो येईपर्यंत मी दोनदा ठरवलं की काकांनाच सांगू दे, त्यांचं तो ऐकेल. मग तो आला, बाही खाली ओढलेली, आणि त्या बाहीने माझं उरलंसुरलं धैर्य गोळा झालं. "बो खाली ठेव," मी म्हटलं. "हात पसर." तोही माझ्याकडे तसाच बघत राहिला. भिंतीला टेकून उभा केला. ६८ च्या जरा आत. २७ इंच, माझ्याइतकाच, आणि त्याच्या कॅमवर मॉड्यूल होतं २९ चं. काका मागून आले, टेपवरचा आकडा वाचला, माझ्याकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत, ते बोलले असते तर बरं झालं असतं. नवीन मॉड्यूल मागवावं लागणार होतं, लिंबही ७० चे होते, ते पार खाली आणूनही ६० च राहणार, म्हणजे लिंबही बदलायचे. मी म्हटलं अर्धा खर्च माझा. तो नाही म्हणाला. मी पुन्हा म्हटलं. तो लाजून बरं म्हणाला.

तोपर्यंत त्याच्या हातात माझा बो दिला. देताना जरा पोटात गोळा आला, कारण माझा एक बो मी असाच एका मैत्रिणीच्या हातात बाणाशिवाय दिला होता आणि तिने गमतीत खेचून सोडला. ड्राय फायर. दोरी कॅमवरून उतरली, वरच्या लिंबाला तडा गेला आणि दहा मिनिटं कुणालाच नीट ऐकू येईना. त्यामुळे आधी बाण लावला, मग त्याच्याकडे दिला. त्याने सवयीने बो आकाशाकडे न्यायला सुरुवात केली. "सरळ," मी म्हटलं, "टार्गेटकडेच बघत खेच." ५० पाउंड त्याच्या अंदाजापेक्षा लवकर मागे आले आणि तो स्वतःच दचकला. मग टक्क. वॉल. त्याचं कोपर आपोआप थोडं सैल झालं, हनुवटी खाली आली, आणि नाकाचं टोक दोरीला जेमतेम टेकलं, दाबावं लागलं नाही. तो खूप वेळ धरून राहिला. सुटला तेव्हा फक्त एक ठप्प, तोही तिकडे लांब, टार्गेटच्या फोमचा.

वीस-एक बाण मारले त्याने. नंतर बो परत दिला तेव्हा तो पुन्हा पुन्हा डाव्या हाताची बाही वर करून बघत होता, नवीन काही उठलंय का.

"ताई," तो म्हणाला, "तुमचाच घ्यायला हवा होता मी. माझा काय असा वेगळाच आहे."

मी त्याचा बो उचलून माझ्या शेजारी बाकावर ठेवला. तोच राइझर, म्हणजे मधला मुठीचा भाग, तेच कॅम, तेच मॉडेल, रंग तेवढा वेगळा. तो वाकला, दोन्हींच्या खालच्या लिंबावरचे ते बारीक अक्षरांचे स्टिकर बोट ठेवून वाचायला लागला, आधी माझा, मग त्याचा, मग परत माझा.